शेजाऱ्याच्या विहिरीचा शंकू आणि टेक्सासचे भूजल डिस्ट्रिक्ट

जमिनीखाली पाणी नदीसारखं, शिरा-शिरांतून वाहतं, असं चांगली शिकलेली माणसंही धरून चालतात. चुनखडीच्या प्रदेशात खरोखरच पाण्याची भुयारं असतात, पण तो अपवाद. बाकी बहुतेक ठिकाणी पाणी असतं ते वाळूच्या कणांमधल्या आणि खडकाच्या फटींमधल्या पोकळीत, आणि ते अत्यंत संथ सरकतं. अशा थराला जलधर म्हणतात. तो मैलोन्‌मैल पसरलेला असल्याने पुरेसं खोल खणलं की बऱ्याच जागी काहीतरी पाणी लागतंच. पाणाड्याच्या काठीचं यश आहे ते इतकंच. रोज किती लिटर मिळेल, किती वर्षं मिळेल आणि त्यापायी कोणाची विहीर आटेल, हे मात्र काठी सांगत नाही.

हा गूढपणा एकदा थेट कायद्यात शिरला. टेक्सासमधल्या डेनिसन गावात एका रेल्वे कंपनीने २० फूट व्यासाची, ६६ फूट खोल विहीर खणली आणि रोज २५,००० गॅलन, म्हणजे सुमारे ९५,००० लिटर पाणी उपसायला सुरुवात केली. शेजारच्या ईस्ट नावाच्या गृहस्थांची घरगुती विहीर कोरडी पडली. ते कोर्टात गेले आणि १९०४ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. भूगर्भातल्या पाण्याच्या हालचाली इतक्या गुप्त आणि अगम्य आहेत की त्यांना नियमांत बांधणं व्यर्थ, हा ओहायोतल्या एका जुन्या निकालातला युक्तिवाद न्यायालयाने उचलून धरला. थोडक्यात, ज्याचा पंप मोठा त्याचं पाणी.

वाळूतून पाणी किती वेगाने झिरपतं याचा नियम फ्रान्समध्ये आँरी दार्सीने १८५६ सालीच मांडला होता. म्हणजे अगम्य असं फारसं काही उरलं नव्हतं; उरलं होतं ते गणित.

ते पूर्ण केलं चार्ल्स थाइस या भूजलतज्ज्ञाने, १९३५ साली. पंप सुरू झाला की विहिरीभोवतीची पाणीपातळी खाली जाते आणि उलट्या शंकूच्या आकाराचा खळगा तयार होतो. हा शंकू वेळेनुसार कसा पसरतो, हे थाइसला हवं होतं. त्याला सुचलं की धातूच्या पत्र्यात उष्णता पसरते तसाच जलधरात दाब पसरत असावा. क्लॅरन्स लुबिन या गणितज्ञ मित्राकडून त्याने उष्णतावहनाचं तयार उत्तर मागून घेतलं आणि तापमानाच्या जागी पाणीपातळी ठेवली. भूजलशास्त्रातलं इतकं देखणं पाऊल माझ्या माहितीत दुसरं नाही.

आता आकडे घेऊ. समजा, एक विहीर रोज १,००० घनमीटर (१० लाख लिटर) पाणी उपसते. जलधराची वहनक्षमता, म्हणजे पाणी पुढे जाऊ देण्याची त्याची ताकद, दिवसाला २०० चौरस मीटर धरू. जलधर वरून मोकळा असेल, तर पातळी खाली जाताना पोकळीतलं पाणी खरोखर निथळतं; एक चौरस किलोमीटरवर पातळी १ मीटर उतरली की साधारण १५ कोटी लिटर मिळतात. पण जलधर चिकणमातीच्या दोन थरांमध्ये कोंडलेला असेल, तर पोकळ्या रिकाम्या होतच नाहीत. हवा भरलेल्या ट्यूबसारखा त्याच्यात फक्त दाब असतो. तो कमी झाला की पाणी किंचित प्रसरण पावतं, खडकाचा सांगाडा किंचित आवळला जातो आणि तेवढंच पाणी हाती लागतं. त्याच एक चौरस किलोमीटरवर, दाबाची पातळी त्याच १ मीटरने उतरल्यावर, मिळतात जेमतेम दीड लाख लिटर. हजारपटींचा फरक!

शंकूची त्रिज्या या साठवणक्षमतेच्या, म्हणजे पातळी १ मीटर उतरल्यावर मिळणाऱ्या पाण्याच्या, वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. हजाराचं वर्गमूळ सुमारे ३२. म्हणून १०० दिवसांनी मोकळ्या जलधरात शंकूची कड अर्ध्या किलोमीटरच्या आसपास असते, तर कोंडलेल्या जलधरात सुमारे १७ किलोमीटरवर. विहिरीपासून १०० मीटरवरची घट पहिल्यात १.३५ मीटर, दुसऱ्यात ४ मीटरहून थोडी अधिक. शिवाय शंकूच्या आतल्या भागात अंतर दुप्पट केल्याने घट निम्मी होत नाही. प्रत्येक दुपटीला ती एका ठरावीक मापाने, या उदाहरणात सुमारे ५५ सेंटिमीटरने, कमी होते. हे लॉगरिथमचं वागणं आहे आणि विहिरींमधल्या अंतराचे नियम करणाऱ्याने ते पाठ करून ठेवायला हवं. त्यात अनेक विहिरींचे शंकू एकमेकांवर चढतात आणि त्यांची घट सरळ बेरजेने वाढते.

नियम करणारे टेक्सासला मिळाले ते १९४९ च्या कायद्यामुळे. त्यातून १९५१ साली लबॉक शहरात, ओगलाला या विस्तीर्ण जलधरावर, पहिला भूजल संवर्धन डिस्ट्रिक्ट (भूजलाच्या उपशाचं नियमन करणारी स्थानिक संस्था) उभा राहिला. आज असे शंभराच्या आसपास आहेत. बहुतेक डिस्ट्रिक्ट विधिमंडळाच्या खास कायद्याने होतात. जमीनमालक राज्याकडे अर्ज करूनही मागणी करू शकतात. मग स्थानिक मतदार कौल देतात आणि संचालक निवडले जातात. खर्चासाठी मालमत्ता कर किंवा उपशावर शुल्क लावता येतं. डिस्ट्रिक्ट विहिरींना परवाने देतो, त्यांच्यातलं अंतर ठरवतो, उपशावर मर्यादा घालतो, पातळ्या मोजतो. दहा एकरांहून मोठ्या जमिनीवरची घरगुती किंवा गुराढोरांसाठीची विहीर दिवसाला २५,००० गॅलनहून जास्त पाणी देऊ शकत नसेल, तर तिला परवान्यातून सूट आहे. २५,००० गॅलन! ईस्ट यांची विहीर आटवणारा रोजचा उपसा एवढाच होता.

ह्यूस्टनच्या बाजूला प्रश्न वेगळाच निघाला. तिथल्या कोंडलेल्या थरांतला दाब इतका उतरला की मधली चिकणमाती कायमची आवळली आणि जहाजांच्या कालव्याजवळ जमीन काही ठिकाणी सुमारे ३ मीटर खचली. त्यासाठी १९७५ साली हॅरिस-गॅल्व्हस्टन सबसिडन्स (जमीन खचणं) डिस्ट्रिक्ट स्थापन झाला आणि उपसा कमी करून नदी-तलावांचं पाणी वापरणं सुरू झालं. पण बेटाउनची ब्राऊनवुड वसाहत वाचली नाही. वारंवार बुडणारी ती वस्ती १९८३ च्या अलिशिया चक्रीवादळानंतर सोडून द्यावी लागली. आवळलेली चिकणमाती पुन्हा पूर्ववत फुगत नाही, म्हणून ‘पुनर्भरण केलं की सगळं पूर्वीसारखं’ या जाहिरातबाजीवर माझा विश्वास नाही.

ओगलालावर तर पावसाने होणारी भर उपशाच्या मानाने नगण्य. तिथल्या पॅनहँडल डिस्ट्रिक्टने उघडच ठरवलं आहे की ५० वर्षांनी निदान ५० टक्के पाणी शिल्लक राहावं. याला संवर्धन म्हणावं की शिस्तीतलं खाणकाम, यावर वाद घालता येईल. मला दुसरं वर्णन जास्त प्रामाणिक वाटतं.

खरी अडचण सीमेची आहे. अनेक डिस्ट्रिक्ट एकाच काउंटीपुरते (आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग) आहेत आणि १७ किलोमीटर पसरलेल्या शंकूला काउंटीची हद्द कळत नाही. १९९३ साली स्थापन झालेलं एडवर्ड्‌स जलधर प्राधिकरण अनेक काउंट्यांमध्ये पसरलेल्या चुनखडीच्या जलधराभोवती आखलं गेलं, पण असं सगळीकडे झालेलं नाही. २००५ च्या कायद्याने राज्याच्या १६ भूजल व्यवस्थापन क्षेत्रांतल्या डिस्ट्रिक्टांना एकत्र बसून आपल्या जलधराची भविष्यातली स्थिती ठरवायला लावली, तेव्हा कुठे ही फट थोडी बुजली. डिस्ट्रिक्ट नसलेल्या भागात मात्र १९०४ चाच नियम आजही मुख्यतः चालतो. हद्दीच्या आत परवान्यासाठी ताटकळणाऱ्या शेतकऱ्याला रस्त्यापलीकडे अमर्याद चालणारा पंप दिसू शकतो. त्यात २०१२ साली टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने जमिनीखालचं पाणी उपसण्याआधीच जमीनमालकाच्या मालकीचं असतं, असा निर्णय दिला. त्यामुळे मर्यादा फार कडक केली तर डिस्ट्रिक्टला भरपाई द्यावी लागू शकते, आणि लहान डिस्ट्रिक्टच्या तिजोरीला तो धोका परवडणारा नाही.