साउथ सिडनी रॅबिटोज : सभासदांच्या क्लबाचे खाजगीकरण (२००६)

सिडनीतील साउथ सिडनी या रग्बी लीग क्लबाच्या सभासदांनी १९ मार्च २००६ रोजी विशेष ठराव मंजूर केला आणि क्लबातील ७५ टक्के हिस्सा अभिनेते रसेल क्रो व उद्योजक पीटर होम्स-अ-कोर्ट यांना विकला. किंमत होती ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. उरलेला २५ टक्के हिस्सा सभासदांकडे राहिला. ठरावाला तीन-चतुर्थांश मतांची गरज होती, प्रत्यक्षात ७५.८ टक्के मते पडली. म्हणजे दर हजार मतांत ७५० हवी होती, मिळाली ७५८. क्लबाच्या शंभर वर्षांच्या इतिहासाचा निकाल हजारात आठ मतांच्या फरकाने लागला. क्लब कोणाच्या मालकीचा आणि तो कोणी चालवायचा, यावरून ऑस्ट्रेलियात जे वाद झाले त्यांत हा वाद सर्वांत जिव्हारी लागणारा ठरला. कारण याच सभासदांनी सहा वर्षांपूर्वी हा क्लब वाचवण्यासाठी रस्त्यावर मोर्चे काढले होते.

पार्श्वभूमी : रग्बी लीग हा तेरा-तेरा खेळाडूंचा खेळ. इंग्लंडच्या उत्तर भागातील क्लबांनी १८९५ मध्ये मूळ रग्बीपासून फारकत घेतली, तिचे कारण पैशाचे होते. सामन्यासाठी कामगाराची जी मजुरी बुडते ती भरून द्यावी, एवढीच त्यांची मागणी होती. हाच प्रश्न पुढे सिडनीतही उभा राहिला आणि तिथे कामगारवस्त्यांनी हा खेळ आपलासा केला. १७ जानेवारी १९०८ रोजी रेडफर्न टाउन हॉलमध्ये भरलेल्या सभेत साउथ सिडनी क्लबाची स्थापना झाली. रेडफर्न ही रेल्वे कारखान्यातल्या मजुरांची, आयरिश वंशाच्या कुटुंबांची वस्ती. पुढे आदिवासी समाजाचे ते शहरातले मोठे केंद्र झाले. लाल-हिरव्या पट्ट्यांच्या जर्सीत साउथ सिडनीने १९०८ सालचे पहिलेच विजेतेपद जिंकले आणि १९७१ पर्यंत एकूण वीस जिंकली. इतकी विजेतेपदे दुसऱ्या कोणत्याही क्लबाकडे नव्हती. त्यानंतर मात्र दुष्काळ पडला.

क्लबाची रचना समजल्याशिवाय २००६ चा वाद समजत नाही. सिडनीतले बहुतेक क्लब परंपरेने सभासदांचे असत. त्यांना भागधारक नसत, नफ्याची वाटणी होत नसे आणि प्रत्येक सभासदाला एक मत असे. कायद्याच्या भाषेत ही हमीने मर्यादित कंपनी : क्लब बुडाला तर सभासदाने ठरलेली किरकोळ रक्कम भरायची, एवढीच त्याची जबाबदारी. संघाला पैसा पुरवी तो सहसा शेजारचा ‘लीग्ज क्लब’, म्हणजे जेवणघर, बार आणि जुगाराची यंत्रे असलेली स्वतंत्र संस्था. न्यू साउथ वेल्स राज्याने १९५६ मध्ये या यंत्रांना क्लबांत परवानगी दिली, तेव्हापासून ‘पोकी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या यंत्रांच्या पैशावर सिडनीचे रग्बी लीग पोसले गेले. ज्या वस्तीत यंत्रे चालत तिथला संघ श्रीमंत होई. साउथ सिडनीच्या लीग्ज क्लबाची कमाई कधीच तेवढी नव्हती. म्हणून सभासदांची निष्ठा अपार आणि तिजोरी रिकामी, अशी या क्लबाची कायमची अवस्था होती.

हकालपट्टी आणि पुनरागमन : १९९५ मध्ये रूपर्ट मर्डॉक यांच्या न्यूज लिमिटेडने दूरचित्रवाणी हक्कांसाठी ‘सुपर लीग’ ही समांतर स्पर्धा उभी करायला घेतली. स्पर्धा आधीपासून चालवणाऱ्या जुन्या संघटनेच्या पाठीशी दूरचित्रवाणी उद्योगातले बडे मालक केरी पॅकर होते. खेळाडूंच्या मानधनाचे आकडे भडकले, खेळ दुभंगला. १९९७ च्या अखेरीस दोन्ही बाजूंनी तह केला, पण त्यात एक अट होती : १९९८ मध्ये वीस संघांनी सुरू होणारी एकत्रित स्पर्धा २००० पर्यंत चौदा संघांवर आणायची. काही शेजाऱ्यांनी विलीनीकरण पत्करले. सेंट जॉर्ज आणि इलावारा एक झाले, बालमेन आणि वेस्टर्न सबर्ब्स एक झाले. साउथ सिडनीने नकार दिला आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये क्लबाला स्पर्धेबाहेर काढण्यात आले.

क्लबाचे अध्यक्ष तेव्हा जॉर्ज पिगिन्स होते. पिगिन्स हे याच मातीतले, सत्तरच्या दशकात साउथ सिडनीकडून हुकर (आघाडीच्या फळीतला मधला खेळाडू) म्हणून खेळलेले, झुंजार म्हणून नावाजलेले. त्यांनी क्लबाला न्यायालयात नेले आणि पाठीराख्यांना रस्त्यावर आणले. नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीच्या मध्यभागी निघालेल्या मोर्चात सुमारे ऐंशी हजार लोक होते. माजी कसोटी गोलंदाज माइक व्हिटनी यांच्यासारखी माणसे या चळवळीत पुढे होती. खेळाच्या एका क्लबासाठी एवढा जनसमुदाय ऑस्ट्रेलियात क्वचितच जमला असेल.

न्यायालयातली वाट खडतर होती. चौदा संघांची अट स्पर्धाविरोधी आहे, असे क्लबाचे म्हणणे. फेडरल कोर्टात पहिला निकाल विरुद्ध गेला. जुलै २००१ मध्ये त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने दोन विरुद्ध एक मताने क्लबाच्या बाजूने कौल दिला आणि २००२ च्या मोसमात साउथ सिडनी परत मैदानात उतरला. ऑगस्ट २००३ मध्ये हायकोर्टाने, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, तो निकाल फिरवला. पण तोपर्यंत संघ खेळू लागला होता आणि त्याला पुन्हा बाहेर काढण्याची भाषा कोणी केली नाही. कायद्याने हरलेला क्लब लोकांच्या बळावर टिकला.

पण टिकणे वेगळे आणि जिंकणे वेगळे. दोन मोसम बाहेर राहिल्याने चांगले खेळाडू गेले होते, प्रायोजक जपून पावले टाकत होते. २००३ आणि २००४ मध्ये संघ गुणतक्त्यात तळाला राहिला. क्लब वाचवणारे नेतृत्व आणि क्लब चालवणारे नेतृत्व एकच असावे का, हा प्रश्न आता उघडपणे विचारला जाऊ लागला. अध्यक्षपद पिगिन्स यांच्याकडून वकील निकोलस पॅपस यांच्याकडे गेले. पुनरागमनाची न्यायालयीन लढाई लढण्यात पॅपस यांचा मोठा वाटा होता. संचालक मंडळातली फूट मात्र बुजली नाही.

२००६ चा ठराव : क्रो आणि साउथ सिडनी यांचे नाते जुने. १९९९ मध्ये, हकालपट्टीच्या सावटाखाली, निधी जमवण्यासाठी झालेल्या लिलावात एक पितळी घंटा निघाली. १९०८ साली सिडनीतल्या पहिल्या स्पर्धेचा प्रारंभ जिच्या टोल्यांनी झाला ती हीच घंटा. क्रो यांनी ती ४२ हजार डॉलरला घेतली आणि क्लबालाच भेट दिली. होम्स-अ-कोर्ट यांची ओळख वेगळी होती. ऑस्ट्रेलियातले पहिले अब्जाधीश मानले जाणारे रॉबर्ट होम्स-अ-कोर्ट यांचे ते पुत्र. नाट्यनिर्मिती आणि पशुपालनाचा मोठा उद्योग असे दोन्ही व्यवसाय त्यांनी सांभाळलेले. एकाकडे प्रसिद्धी, दुसऱ्याकडे व्यवस्थापनाचा अनुभव, अशी ही जोडी होती.

त्यांचा प्रस्ताव असा : आठ जणांच्या संचालक मंडळात चार जागा खरेदीदारांच्या. क्लबाचे नाव, रंग, बोधचिन्ह अशा वारशाच्या गोष्टींवर मात्र सभासदांचा शब्द अखेरचा. एवढा बदल करायचा तर क्लबाची घटनाच बदलावी लागणार होती आणि कंपनी कायद्यानुसार त्याला विशेष ठराव, म्हणजे दिलेल्या मतांपैकी किमान ७५ टक्के मते हवीत. साध्या बहुमताने संचालक काढता येतात, घटना बदलता येत नाही. त्यामुळे विरोधकांना निम्मे सभासद वळवण्याची गरज नव्हती; चारांतल्या एकाहून थोडे अधिक पुरेसे होते.

विरोधाचे नेतृत्व पिगिन्स यांनी केले. ज्यांनी मोर्चे काढले, डबे फिरवून वर्गणी गोळा केली, त्यांच्या हातचा क्लब दोन श्रीमंतांना द्यायचा, तोही ३० लाखांत, हे त्यांना आणि त्यांच्या बाजूच्या जुन्या सभासदांना सहन होण्यासारखे नव्हते. आज हे दोघे चांगले आहेत. उद्या त्यांनी आपला हिस्सा तिसऱ्याला विकला तर? या प्रश्नाला समर्थकांकडे ठाम उत्तर नव्हते. त्यांचा मुद्दा निराळा होता. मर्डॉकच्या माणसांनी बाहेर काढले तेव्हा अन्यायाविरुद्ध लढता आले. दिवाळे निघाले तर लढायचे कोणाशी? माझ्या मते दोन्ही बाजू खऱ्या होत्या, आणि म्हणूनच मतदान इतके अटीतटीचे झाले. पिगिन्स यांना हट्टी म्हातारा ठरवून टाकणे तेव्हा सोपे होते, आजही आहे. पण त्यांनी विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता.

निकालानंतर पिगिन्स क्लबापासून दूर झाले आणि बरीच वर्षे दूरच राहिले. क्लब वाचवणारा माणूसच क्लबाच्या सामन्यांना येत नाही, ही या व्यवहाराची किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

नवी राजवट : होम्स-अ-कोर्ट कार्यकारी अध्यक्ष झाले. २००६ चा मोसम पुन्हा तळाशीच संपला, पण २००७ मध्ये संघ १९८९ नंतर प्रथमच बाद फेरीत पोहोचला. त्याच वर्षी दोन्ही मालकांनी लीग्ज क्लबातून पोकी यंत्रे काढून टाकण्याचा विचार मांडला. रेडफर्नसारख्या गरीब वस्तीतल्या लोकांचे पगार त्या यंत्रांत जातात आणि त्याच पैशावर त्यांचा लाडका संघ चालतो, यातला विरोधाभास इतक्या स्पष्टपणे कोणत्या मोठ्या क्लबाच्या मालकांनी तोवर मांडला नव्हता. यासाठी या दोघांचे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

घडी नीट बसली असे मात्र नाही. इंधनाची बचत करणारी गोळी विकणारी फायरपॉवर ही कंपनी क्लबाची प्रायोजक झाली होती. ती कोसळली आणि घोटाळा म्हणून गाजली. २००८ मध्ये होम्स-अ-कोर्ट अध्यक्षपदावरून पायउतार झाले. क्रो आणि ते यांच्यातले संबंध बिघडल्याची चर्चा तेव्हा उघड होती. पुढे पॅपस पुन्हा अध्यक्ष झाले. खाजगी मालकी आली की अंतर्गत राजकारण संपते, असा जो समज असतो तो इथे टिकला नाही. भांडण सर्वसाधारण सभेतून दोन भागीदारांच्या खोलीत गेले, एवढेच.

५ ऑक्टोबर २०१४ रोजी साउथ सिडनीने अंतिम सामन्यात कँटरबरी बुलडॉग्जचा ३०-६ असा पराभव केला. त्रेचाळीस वर्षांनी विजेतेपद आले. पहिल्याच धडकेत सॅम बर्जेस यांच्या गालाचे हाड मोडले, तरी ते शेवटपर्यंत खेळले आणि सामनावीर ठरले. स्टेडियममध्ये ८३,८३३ प्रेक्षक होते. हे यश खाजगीकरणाचे, असे सरळ समीकरण मांडले जाते. पैसा आणि शिस्त आली हे खरेच. पण ठरावानंतर विजेतेपदाला आठ वर्षांहून अधिक काळ लागला, आणि मालकांनी ज्या निष्ठेवर भांडवल लावले ती सभासदांनी १९९९ ते २००१ मध्ये मोर्च्यांत आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर जिवंत ठेवली होती.

इतर क्लब : सभासदांच्या हाती सत्ता ठेवली म्हणजे कारभार स्वच्छ राहतो असेही नाही. पॅरामॅटा ईल्स हा त्याचा धडा. तिथे डेनिस फिट्झजेराल्ड यांनी सुमारे तीन दशके मुख्याधिकारी म्हणून एकहाती कारभार केला. २००९ मध्ये विरोधी पॅनेल निवडून आले, २०१३ मध्ये त्यालाही दुसऱ्या पॅनेलने हटवले आणि स्टीव्ह शार्प हे माजी खेळाडू अध्यक्ष झाले. प्रत्येक निवडणुकीत आधीच्यांचा भ्रष्ट किंवा निष्क्रिय कारभार हाच प्रचाराचा मुद्दा असे. २०१६ मध्ये खेळाडूंच्या मानधनावरील मर्यादा पद्धतशीरपणे ओलांडल्याचे उघड झाले. संघाचे बारा गुण कापले गेले, दहा लाख डॉलर दंड झाला, शार्प यांच्यासह पाच पदाधिकाऱ्यांची नोंदणी रद्द झाली. त्याच जुलैमध्ये राज्याच्या नियामक संस्थेने लीग्ज क्लबाचे संचालक मंडळ बरखास्त करून मॅक्स डॉनेली यांना प्रशासक नेमले.

वेस्ट्स टायगर्सची गोष्ट आणखी वेगळ्या वळणाची. बालमेन आणि वेस्टर्न सबर्ब्स यांच्या विलीनीकरणातून जन्मलेल्या या क्लबाची बहुसंख्य मालकी कालांतराने वेस्ट्सच्या लीग्ज क्लबाकडे गेली. संघ लागोपाठ तळाला गेल्यावर २०२३ च्या अखेरीस कारभाराचा आढावा घेण्यात आला, सर्व संचालक बाजूला झाले आणि बॅरी ओ’फॅरेल यांच्याकडे अध्यक्षपद आले. हे राज्याचे माजी मुख्यमंत्री; २०२० ते २०२३ या काळात ते भारतात ऑस्ट्रेलियाचे उच्चायुक्त होते. बाहेरून आणलेल्या स्वतंत्र संचालकांना नेमणारा आणि काढणारा बहुसंख्य मालकच असेल, तर त्यांचे स्वातंत्र्य मालकाच्या मर्जीइतकेच, ही या रचनेतली कच्ची वीट आहे. साउथ सिडनीच्या सभासदांनी आपला चौथा हिस्सा राखला, त्याचे मोल इथे कळते.

सद्यस्थिती : पिगिन्स यांच्या बाजूने जी भीती व्यक्त झाली होती ती खरी ठरली. खरेदीदारांचा हिस्सा हात बदलत गेला. २०१४ मध्ये होम्स-अ-कोर्ट बाहेर पडले आणि त्यांच्या जागी जेम्स पॅकर आले. सुपर लीगच्या युद्धात जुन्या संघटनेला पैसा पुरवणाऱ्या केरी पॅकर यांचे ते पुत्र. २०२० मध्ये सॉफ्टवेअर उद्योजक माइक कॅनन-ब्रूक्स भागीदार झाले. सभासदांचा २५ टक्के हिस्सा तसाच आहे, आणि संघ अजूनही लाल-हिरव्या पट्ट्यांतच खेळतो.