पानं नसताना झाड ओळखायचं तर साल नीट बघा

मार्च-एप्रिलमध्ये सह्याद्रीतल्या पानगळीच्या जंगलात गेलं की अर्ध्या झाडांचा नुसता खराटा झालेला असतो, पान नाही, फूल नाही, आणि मोबाईलमधलं अ‍ॅप खोडाचा फोटो बघून काहीही नाव सांगतं. अशा वेळी हाताशी उरते ती साल. पण बहुतेक जण आधी रंग बघतात आणि तिथेच गंडतात, कारण रंगाचा काय भरवसा, दगडफूल चढलेलं असतं, वणव्याची काजळी असते, रस्त्याकडेचं झाड असेल तर धुळीने माखलेलं असतं. रंग सोडा, साल फाटते कशी ते बघा.

खोड दरवर्षी आतून जाड होत जातं, बाहेरची साल मात्र मेलेल्या पेशींची असते, ती काही ताणत नाही, मग एकतर तिला भेगा पडतात नाहीतर ती सुटून गळते. सालीच्या आत एक पातळ जिवंत थर बुचाच्या पेशी बनवत असतो (1665 मध्ये रॉबर्ट हूकने सूक्ष्मदर्शकाखाली बघून ज्यांना 'सेल' म्हटलं ते कप्पे बुचाचेच, म्हणजे सालीचेच). हा थर एकाच जागी वर्षानुवर्षं टिकला तर साल बरीचशी गुळगुळीत राहते. पण जुना मरून त्याच्या आत तुकड्यातुकड्यांनी नवे थर तयार होत गेले की बाहेरचं सगळं तुटक होतं, खवले पडतात, चौकोन पडतात, आणि हे कसं होणार ते बऱ्यापैकी त्या त्या जातीचं ठरलेलं असतं.

याचं सगळ्यात भारी उदाहरण म्हणजे ऐन आणि अर्जुन. दोघं एकाच कुळातले, एकाच प्रजातीतले (जीनस, Terminalia) सख्खे भाऊ म्हणा ना, पण खोडं बघून कोणी नातं सांगणार नाही. ऐनाची साल काळपट, जाड, उभ्या-आडव्या खोल भेगांनी चौकोनात कापलेली, थेट मगरीची पाठ. वणवा लागला तरी या जाडीमुळे आतला जिवंत भाग बऱ्याचदा वाचतो. अर्जुन उभा असतो नदी-ओढ्याकाठी, साल गुळगुळीत, फिकट राखाडी, तिचे मोठमोठे पातळ तुकडे सुटून पडतात आणि खालून हिरवट-गुलाबी नवी साल दिसते. औषधी म्हणून लोक अर्जुनाची साल इतकी ओरबाडतात की काही खोडं हाताला येतील तिथवर सोललेली दिसतात. हे वाईट आहे, कारण पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं ते आतल्या सालीतूनच, आणि खोडाभोवती गोल सोललं तर झाड उभं मरतं.

कांडोळ मात्र लांबूनच कळतो. पांढुरका, चकचकीत, कागदासारखे पापुद्रे निघतात आणि खाली हिरवी झाक असते. तो हिरवा रंग हरितद्रव्याचा, म्हणजे पानं नसतानाही सालीखाली थोडंफार अन्न बनवणं चालू असतं. सावर आणि पांगारा दोघांनाही काटे, पण सावरीचे बुडाशी रुंद आणि जाड, पांगाऱ्याचे बारीक, काळसर. म्हाताऱ्या सावरीच्या बुंध्यावर काटे जवळपास उरत नाहीत, तेव्हा मान वर करून फांद्याही बघायच्या. एकूणच नुसता बुंधा बघून निकाल देऊ नका, कोवळ्या आणि जुन्या सालीत खूप फरक असतो.

आणि कोयत्याने खाच मारून बघायची जुनी सवय असेल तर सोडा. बिबळा नावाच्या झाडाला खाच मारली की लालभडक डिंक येतो, ओळख पक्की होते हे खरं, पण तुम्ही ज्याला खाच मारली तो बिब्बा निघाला तर त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात, आणि जखमेतून झाडाला बुरशी-कीड लागते ते वेगळंच.

तरीही अडलात, समजा ऐन की त्याच्याच प्रजातीतला किंजळ हेच कळेना, तर सरळ खाली बघा, पाचोळ्यात वाळकी फळं सापडतातच. ऐनाच्या फळाला पाच रुंद पंख, त्यांवरच्या शिरा जवळपास आडव्या. अर्जुनालाही पाचच, पण अरुंद आणि शिरा वर वळलेल्या. किंजळाचं फळ अगदी छोटं, त्याला एक मोठा पंख आणि दोन बारके.