लाकडी घड्याळ: दाते कुठे मोडले, कुठे टिकले

घरी लाकडी गिअरचं घड्याळ करतोय म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "लाकडाचे दाते टिकतात होय?" कोल्हापुरात हा प्रश्न ऐकला की मला हसू येतं. लोखंडी चरक यायच्या आधी इथला ऊस लाकडी दात्यांवरच पिळला जायचा. गुऱ्हाळातल्या त्या चरकाला बाभळीच्या जाडजूड उभ्या लाटा, म्हणजे रूळ, असत आणि वरच्या अंगाला कोरलेले तिरपे दाते एकमेकांत अडकत. बैल जी लाट फिरवायचे ती नवरा, तिच्यामुळे फिरणारी ती नवरी. फिरवणारं चाक आणि फिरणारं चाक यांना याहून नेमकी नावं मला तरी सापडलेली नाहीत.

घड्याळाचं दुखणं मात्र निराळं. चरकाचा दाता दणकट, घड्याळाचा करंगळीच्या नखाएवढा. एकाच फळीतून चाक कापलं तर काही दात्यांत लाकडाच्या रेषा टोकाकडे जातात, ते टिकतात. चाकाच्या दोन बाजूंना त्याच रेषा आडव्या पडतात आणि तिथला दाता खारी बिस्किटासारखा तुटतो.

जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये सतराव्या शतकाच्या मध्यापासून शेतकरी लाकडी चाकांची घड्याळं करू लागले. वजनाला दगड टांगायचा, वर एक आडवी दांडी इकडून तिकडे हेलकावत राहायची. त्यात दिवसाला पंधरा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी कुणी मनावर घेत नसे. क्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञानं १६५६ मध्ये घड्याळाला लंबक जोडला तेव्हा कुठे ही चूक सेकंदांवर आली.

आडव्या रेषेनं दाता तुटतो, त्यावर खरा तोडगा काढला तो एका सुतारानं. समुद्रावर रेखांश शोधणारं घड्याळ करून पुढे नाव झालेला जॉन हॅरिसन मूळचा लाकूडकामातला, इंग्लंडमधल्या एका खेड्यातला. १७१३ मधलं त्याचं पहिलं घड्याळ लाकडी चाकांचंच आहे. त्यानं ओकच्या चाकाच्या कडेला खाच पाडली आणि दात्यांचे वेगळे तुकडे त्यात बसवले, असे की प्रत्येक तुकड्याची रेष केंद्राकडून बाहेर जाईल. जिथे आस फिरतो तिथे त्यानं लिग्नम व्हिटे हे मुळातच तेलकट लाकूड वापरलं, म्हणजे वंगणाची कटकटच नको. इंग्लंडमधल्याच ब्रॉकल्सबी पार्क या इस्टेटीतलं त्याचं १७२२ च्या सुमाराचं मनोऱ्यावरचं घड्याळ अजून चालतं. आपल्या कोल्हापुरातल्या न्यू पॅलेसचा घड्याळाचा मनोरा १८८४ पर्यंत उभा राहिला. त्याच्याही दीडशे वर्षं आधीचं हे यंत्र!

अमेरिकेत एलाय टेरीनं हेच काम कारखान्यात नेलं. १८०७ ते १८१० या तीन वर्षांत त्यानं पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या यंत्रांनी चार हजार लाकडी यंत्रणा करून दिल्या. चाकं चेरीच्या लाकडाची, पट्ट्या ओकच्या. पण लाकूड दमट हवेत फुगतं, त्यामुळे ही घड्याळं बोटीनं परदेशी धाडायची सोय नव्हती. १८४० च्या आसपास चॉन्सी जेरोमची पितळी पत्र्यातून ठोकून काढलेली स्वस्त घड्याळं आली आणि लाकडी चाकाचा बाजार उठला.

ते परत आलं ते छंद म्हणून, आणि त्याला कारण प्लायवूड. प्लायमध्ये एका थराची रेष उभी, पुढच्याची आडवी, म्हणजे हॅरिसनला जे तुकडे जोडून साधलं ते इथे आयतं मिळतं. पूर्वी कागदी नकाशा चिकटवून बारीक करवतीनं दाता न् दाता कापावा लागे. आता नावाच्या पाट्या कापणारा लेझरवाला तासाभरात सगळी चाकं हातात देतो. फक्त साधा कमर्शिअल प्लाय घेऊ नका. त्याच्या मधल्या थरात पोकळ्या असतात आणि दाता नेमका पोकळीवरच येतो, हा माझा दोन चाकांचा अनुभव आहे.

दुसरा घोटाळा लंबकाचा. घड्याळाचे नकाशे बहुतेक युरोप-अमेरिकेतले. लंडनमध्ये सेकंदाच्या ठोक्याला लंबक ९९.४ सेंटिमीटर लागतो, कोल्हापुरात साधारण ९९.१. विषुववृत्ताकडे यावं तसं गुरुत्वाकर्षण थोडं कमी होतं. झाँ रिशे या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला १६७२ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला हेच दिसलं: पॅरिसमध्ये लावून आणलेलं घड्याळ तिथे दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. तीन मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं मीही म्हणालो होतो. माझं घड्याळ रोज दोन मिनिटं मागे. शेवटी लंबकाखालची नट फिरवत फिरवत गोळा वर घेतला. लंबकाची दांडी लाकडाचीच ठेवली. रेषेच्या दिशेनं लाकूड उन्हानं फारसं वाढत नाही, लोखंड त्याहून जास्त वाढतं.

आडव्या दिशेचं मात्र आषाढात कळतं. रंकाळ्याकडून ओली हवा यायला लागली की चाकं फुगतात, दात्यांतली फट मिटते आणि घड्याळ मध्येच गप्प होतं. तेल घालायचं नाही, शिसपेन्सिलीची पूड दात्यांना चोळायची. गेल्या वर्षी एवढ्यानं भागलं नाही. सगळी चाकं उतरवली, कानशीनं दाते केसभर बारीक केले, आणि दिवाळीत कोरडी हवा आल्यावर तीच चाकं खडखडायला लागली.