भूकंपाची महत्ता

भूकंपाच्या वेळी भूगर्भात झालेल्या हालचालीचा आकार एका अंकात सांगणारी राशी. भूकंपमापकाने नोंदलेल्या तरंगांवरून ती गणिताने काढतात. एका मापनपद्धतीत एका भूकंपाला एकच महत्ता असते. तीव्रता मात्र त्या त्या ठिकाणी जमीन किती हादरली आणि बांधकामांची काय अवस्था झाली यावरून ठरते, त्यामुळे ती गावागणिक बदलते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिव सीमेवर झालेल्या भूकंपाची महत्ता ६.२ मानली जाते. त्यात किल्लारी, सास्तूर व आसपासची गावे जमीनदोस्त झाली आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या सोलापुरात हाच धक्का स्पष्ट जाणवला, पण शहर उभे राहिले.

ही मोजणी १९३५ मध्ये कॅलिफोर्नियात चार्ल्स रिश्टर यांनी रूढ केली; बेनो गुटेनबर्ग यांचा त्यात मोठा वाटा होता. यंत्रावरील नोंदींच्या उंचीत फार मोठी तफावत असल्याने त्यांनी नोंदीच्या कमाल उंचीचा दहा पाया असलेला लॉगरिदम (ती संख्या म्हणजे दहाचा कितवा घात, हे सांगणारा अंक) घेतला. भूकंपाच्या केंद्रापासून १०० किलोमीटरवर ठेवलेल्या वुड-अँडरसन नावाच्या भूकंपमापकाच्या नोंदीची कमाल उंची मिलिमीटरचा हजारावा भाग असेल तर महत्ता शून्य, एक मिलिमीटर असेल तर तीन आणि एक सेंटीमीटर असेल तर चार, असा हा संकेत आहे. शून्याखालची महत्ताही असू शकते, कारण शून्य म्हणजे भूकंपाचा अभाव नव्हे, तर केवळ मोजणीसाठी निवडलेला आरंभबिंदू आहे.

यंत्र नेमके १०० किलोमीटरवर क्वचितच असते, म्हणून अंतराची दुरुस्ती करावी लागते आणि त्यासाठी आधी अंतर काढावे लागते. आधी पोहोचणारे प्राथमिक तरंग पृथ्वीच्या कवचात सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर आणि दुय्यम तरंग सुमारे ३.५ किलोमीटर वेगाने जातात. त्यांच्या आगमनातील दर सेकंदाच्या फरकामागे साधारण आठ किलोमीटर अंतर धरता येते. किल्लारीच्या धक्क्याचे हे दोन तरंग सोलापुरात साधारण दहा सेकंदांच्या अंतराने पोहोचले असणार. एका ठिकाणी मिळालेल्या या फरकावरून केवळ अंतर कळते, दिशा नाही. केंद्र निश्चित करण्यासाठी किमान तीन ठिकाणांच्या नोंदींवरून वर्तुळे काढून ती कोठे छेदतात हे पाहतात.

महत्ता एकाने वाढली की आंदोलनाची उंची दहापट होते, पण तरंगांतून बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. दोनने वाढली तर हजारपट. साध्या बेरजेची सवय असलेल्या वाचकाची फसगत नेमकी इथे होते. किल्लारीसाठी ६.४ हा आकडाही आढळतो, ६.२ च्या तुलनेत हा फरक नगण्य वाटतो, प्रत्यक्षात ऊर्जा दुप्पट ठरते. गुटेनबर्ग-रिश्टर सूत्रानुसार ऊर्जेचा (ज्यूलमध्ये) लॉगरिदम म्हणजे महत्तेची दीडपट अधिक ४.८. त्यावरून ६.२ महत्तेला सुमारे १.२६ गुणिले दहाचा १४ वा घात इतके ज्यूल येतात. सोलापूरच्या एनटीपीसी वीजकेंद्राचे मिळून १,३२० मेगावॅटचे दोन्ही संच पूर्ण क्षमतेने चालले, तर तेवढी वीज तयार व्हायला सुमारे साडेसव्वीस तास लागतील. भूकंपात ती काही सेकंदांत मोकळी होते.

रिश्टर यांची पद्धत मोठ्या भूकंपांना अपुरी पडते. साधारण सातच्या पुढे, भ्रंश (खडकांतील ज्या भेगेलगत थर सरकतात ती) कितीही लांब फाटला तरी त्या यंत्रावरील नोंद त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून १९७९ मध्ये टॉम हँक्स आणि हिरो कानामोरी यांनी आघूर्ण-महत्ता मांडली. खडकाची दृढता, भ्रंशाचे सरकलेले क्षेत्रफळ आणि सरासरी सरकण यांचा गुणाकार म्हणजे भूकंपीय आघूर्ण. न्यूटन-मीटरमध्ये मोजलेल्या या आघूर्णाच्या लॉगरिदममधून ९.१ वजा करून दोन-तृतीयांश घेतले की महत्ता मिळते. उदाहरणादाखल १० किलोमीटर लांब व ८ किलोमीटर रुंद पृष्ठभाग धरला, तर ६.२ साठी सुमारे एक मीटर सरकण लागते. १९६० च्या चिलीतील भूकंपाची ९.५ ही महत्ता याच मापातली आहे. बातम्यांत मात्र आजही सरसकट ‘रिश्टर स्केल’ म्हटले जाते.

सोलापुरात घर बांधणाऱ्याला या आकड्याचा थेट उपयोग कमीच आहे. किल्लारीत जीवितहानी वाढण्यास उथळ केंद्राइतकीच मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची जड माळवदे कारणीभूत होती, आणि तशी घरे सोलापूर जिल्ह्यातही जुन्या वस्त्यांत दिसतात. भूकंपाच्या धोक्यानुसार देशाची क्षेत्रे पाडलेली आहेत; १९९३ पूर्वी किल्लारीचा प्रदेश त्यांपैकी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात मोडत असे. भारतीय मानक ब्युरोने भूकंपरोधक बांधकामाच्या मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत ते क्षेत्रच रद्द केले. त्या आवृत्तीत सोलापूर तिसऱ्या क्षेत्रात होते व त्याचा क्षेत्र-गुणांक ०.१६ होता. इमारतीवरील आडवे बल काढताना अभियंता महत्तेऐवजी असा क्षेत्र-गुणांक वापरतो आणि त्याला इमारतीचे वजन, तिचा आंदोलनकाल व पायाखालची जमीन यांची जोड देतो.