नृत्य-व्हिडिओ गेम, घरगुती

गाण्याच्या ठेक्यावर खेळाडूने पाय, हात किंवा सर्वांग हलवायचे, टीव्हीला जोडलेल्या यंत्राने ती हालचाल टिपायची आणि तालाशी ती कितपत जुळली त्यानुसार गुण द्यायचे, असा खेळप्रकार. गेम पार्लरमधल्या नाणे टाकून खेळायच्या यंत्रांतून तो घरात आला आणि घरात त्याचे रूप बरेच पालटले. पार्लरमध्ये एकटादुकटा किंवा जोडी खेळते आणि बाकीचे पाहतात. घरी मित्रमंडळी आळीपाळीने उभी राहतात, ज्यांची पाळी नाही तेही मागे नाचतात आणि हरले तरी पैसे जात नसल्याने नवखाही लाजत लाजत पुन्हा पुढे येतो.

या खेळांचे वर्गीकरण सहसा कंपनी किंवा कन्सोल (टीव्हीला जोडायचे खेळयंत्र) यांवरून केले जाते. यंत्राला खेळाडूच्या शरीराचा कोणता भाग कळतो, यावरून केलेले वर्गीकरण अधिक उपयोगी ठरते. त्यानुसार तीन प्रकार पडतात : पायांखालची मॅट ओळखणारे, हातातला कंट्रोलर (खेळ चालवायचे साधन) ओळखणारे आणि कॅमेऱ्याने पूर्ण देह पाहणारे. हे तिन्ही साधारण याच क्रमाने घराघरांत रुजले.

उगम : पहिला नृत्य-व्हिडिओ गेम कोणता, याबद्दल एकमत नाही. मतभेदाचे मूळ व्याख्येत आहे. पायाने दाबायच्या मॅटला महत्त्व देणारे अभ्यासक १९८० च्या दशकापर्यंत मागे जातात. जपानच्या बंदाई कंपनीने १९८६ मध्ये निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या कन्सोलसाठी ‘फॅमिली ट्रेनर’ नावाची मॅट काढली. तिच्यात १२ ठिकाणी दाब ओळखण्याची सोय होती. या मालिकेतला एरोबिक्सचा खेळ जपानात १९८७ चा मानला जातो. उत्तर अमेरिकेत हीच मॅट ‘पॉवर पॅड’ या नावाने १९८८ मध्ये आली आणि पाठोपाठ, बहुधा १९८९ मध्ये, तो खेळ ‘डान्स एरोबिक्स’ म्हणून विकला गेला. अटारी २६०० या कन्सोलसाठी निघालेली ‘फूट क्रेझ’ ही मॅटही १९८७ च्या सुमाराची. मात्र तिच्यासोबतचे खेळ धावण्याचे आणि चपळाई पाहण्याचे होते, त्यामुळे तिला या परंपरेत धरण्याचे कारण दिसत नाही.

दुसरा पक्ष तालाला प्रमाण मानतो. मासाया मात्सुउरा यांच्या नानाऑन-शा या संस्थेने तयार केलेला ‘पराप्पा द रॅपर’ हा खेळ डिसेंबर १९९६ मध्ये जपानात सोनीच्या प्लेस्टेशन या कन्सोलवर आला. संगीताच्या मात्रेवर नेमके बटण दाबण्याची कल्पना त्याने लोकप्रिय केली. पण खेळाडू बसलेला असतो आणि काम बोटांचे असते. १९९८ च्या आरंभी जपानात निघालेल्या ‘बस्ट अ मूव्ह’चीही (पाश्चात्त्य देशांत ‘बस्ट अ ग्रूव्ह’) हीच गत आहे. पडद्यावरची पात्रे नृत्याची झुंज खेळतात, खेळाडू मात्र सोफ्यावर बसून बटणे दाबतो.

संगीत सतत चालू असणे, ठोक्याच्या मागेपुढे झालेले अंतर मोजले जाणे आणि खेळाडूचे शरीर हेच साधन असणे, या तिन्ही अटी एकत्र लावल्या तर मान कोनामी कंपनीच्या ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’कडे (यापुढे डीडीआर) जातो. ‘डान्स एरोबिक्स’मध्ये भर पडद्यावरील शिक्षिकेचे अनुकरण करण्यावर आणि चुका मोजण्यावर आहे, असे उपलब्ध वर्णनांवरून दिसते. म्हणून त्याला स्वतंत्र पूर्वसुरी मानणे आणि सलग परंपरेचा आरंभ डीडीआरपासून धरणे अधिक ग्राह्य वाटते. बंदाईच्या मॅटवरून कोनामीला कल्पना सुचली, असे अधूनमधून लिहिले जाते. दोन्ही मॅटचे तत्त्व एकच असले, तरी तेवढ्यावरून हे विधान सिद्ध होत नाही. कोनामीचाच डिसेंबर १९९७ मधला ‘बीटमॅनिया’ हा डीजेच्या तबकडीचा खेळ आणि त्यानंतरची तालखेळांची मालिका हा धागा जास्त भक्कम आहे.

डीडीआरच्या पार्लर-यंत्राची नेमकी तारीखही दोन प्रकारे दिली जाते. काही नोंदी सप्टेंबर १९९८ सांगतात, तर काही नोव्हेंबर १९९८. यंत्र दाखवणे आणि ते सर्वत्र पोचणे यांत अंतर पडले असणे शक्य आहे. वर्षाबद्दल मात्र वाद नाही. युरोपात हे यंत्र ‘डान्सिंग स्टेज’ या नावाने गेले. सुरुवातीच्या गाण्यांपैकी बरीच तोशिबा ईएमआयच्या ‘डान्समॅनिया’ या संकलन-मालिकेतून घेतलेली होती. नवे संगीत रचणाऱ्यांत नाओकी माएदा यांचे नाव प्रमुख आहे. घरगुती आवृत्ती जपानात १० एप्रिल १९९९ रोजी प्लेस्टेशनवर आली, तर उत्तर अमेरिकेत ती मार्च २००१ मध्ये पोचली. घरी मित्रांसोबत नाचायचा व्हिडिओ गेम आज ज्या अर्थाने ओळखतात, त्याचा आरंभ या १९९९ च्या आवृत्तीपासून धरावा.

मॅटचे तंत्र : घरगुती मॅट म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन पातळ थरांवर वीजवाहक पट्टे छापून मध्ये भोके पाडलेला फोम घातलेली घडी. पाय पडला की भोकातून दोन्ही पट्टे एकमेकांना टेकतात आणि मंडल पूर्ण होते. कन्सोलच्या दृष्टीने मॅटवरचे चार बाण म्हणजे साध्या कंट्रोलरवरची चार दिशांची बटणेच. एक फरक महत्त्वाचा आहे. साध्या कंट्रोलरच्या एकसंध बटणावर डावी आणि उजवी बाजू एकाच वेळी दाबता येत नाही. मॅटवर उडी मारताना नेमके तेच करावे लागते, म्हणून तिची जोडणी वेगळी ठेवावी लागते. कोरियातील अँडामिरो कंपनीने १९९९ मध्ये काढलेल्या ‘पंप इट अप’मध्ये चार कोपरे आणि मधला चौकोन अशा पाच जागा असतात. शरीराचा मध्य त्यात वापरावा लागत असल्याने कंबर आणि गुडघे अधिक फिरतात.

मऊ मॅट पहिल्या काही उड्यांतच सरकू लागते. गुळगुळीत फरशीवर तर खेळाडू गाण्याच्या शेवटी टीव्हीच्या हातभर जवळ पोचलेला असतो आणि बाण कुठे आहेत हे पाहायला खाली बघावे लागते. उपाय म्हणून मॅट प्लायवुडच्या फळीवर चिकटपट्टीने ताणून बसवण्याची पद्धत खेळाडूंनी रूढ केली. मोजे घातले की पाय घसरतो, बूट घातले की छापील पट्टे लवकर तुटतात; अनवाणी खेळणे सर्वांत बरे. फोमच्या जाड आणि धातूच्या कडक मॅटही निघाल्या. अमेरिकेतील रेडऑक्टेन ही कंपनी अशा मॅट विकूनच प्रथम नावारूपाला आली आणि पुढे २००५ मधल्या ‘गिटार हिरो’ या तालखेळाच्या गिटारीमुळे जगभर पोचली.

वेळेचे गणित : हा भाग सामान्य परिचयांत सहसा वगळला जातो, घरी खेळताना येणाऱ्या बहुतेक तक्रारींचे कारण मात्र इथेच सापडते. डीडीआरमध्ये बाण खालून वर सरकत येतात आणि वरच्या स्थिर बाणाशी जुळताना पाय पडावा लागतो. पायाला किती उशीर किंवा घाई झाली त्यावर श्रेणी ठरते. वरच्या श्रेणींसाठी मोकळीक पडद्याच्या एकदोन चौकटींइतकीच (चौकट म्हणजे पडद्यावर एकामागून एक उमटणाऱ्या चित्रांपैकी एक) असते. सेकंदाला ६० चौकटी धरल्या तर एक चौकट सुमारे १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे दोन चौकटी सुमारे ३३ मिलिसेकंद. बाणांना रंग देण्याच्या एका पद्धतीत पूर्ण मात्रेवरचा बाण लाल, अर्ध्या मात्रेवरचा निळा आणि पाव मात्रेवरचा पिवळा असतो. तबला शिकलेल्याला हे ठाय, दुगून आणि चौगून म्हणून लगेच उमजते. मिनिटाला १५० ठोक्यांच्या गाण्यात दोन मात्रांत ४०० मिलिसेकंद, दुगुनीत २०० आणि चौगुनीत १०० मिलिसेकंदांचे अंतर राहते.

जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवर चित्र जवळजवळ तत्काळ दिसे. सपाट पडद्याचे टीव्ही चित्रावर आधी संस्कार करतात, त्यात दहा-वीस किंवा अधिक मिलिसेकंद सहज जातात. काही संचांवर हा विलंब १०० च्या घरात पोचतो. म्हणजे वरच्या उदाहरणात चौगुनीचे अख्खे एक पाऊल मागे पडते. आवाज ब्लूटूथ स्पीकरवर घेतला तर कान आणि डोळा यांचेही बिनसते. खेळाडूला वाटते आपलेच पाय चुकतात, आणि नवख्याचा हिरमोड होतो. टीव्हीवरचा ‘गेम मोड’ लावणे, स्पीकर तारेने जोडणे आणि खेळातली विलंब-जुळणी आधी करून घेणे, एवढे केले तरी बहुतेक त्रास संपतो. पाहुणे यायच्या आधी हे काम उरकून ठेवावे.

हातातला कंट्रोलर : निन्टेन्डोच्या वी या कन्सोलच्या (२००६) रिमोटमध्ये त्वरणमापक (वेगातला बदल टिपणारा भाग) होता. त्याचा आधार घेऊन युबिसॉफ्टने नोव्हेंबर २००९ मध्ये ‘जस्ट डान्स’ काढला. त्याचे बीज याच कंपनीच्या २००८ मधल्या रेव्हिंग रॅबिड्स मालिकेतील एका छोट्या नाचाच्या खेळात होते, असे सांगितले जाते. पहिल्या भागात ३२ गाणी होती. पडद्यावरचा नर्तक आरशातल्या प्रतिमेसारखा दिसतो, त्यामुळे डावे-उजवे उलटे करून विचार करावा लागत नाही. पुढची हालचाल कोपऱ्यातल्या चित्राकृतींतून सरकत येते. यंत्राला कळतो तो फक्त उजवा हात. म्हणून सोफ्यावर बसून नुसता मनगटाचा झटका देणारालाही चांगले गुण मिळू शकतात. समीक्षकांनी यावर पुष्कळ टीका केली आणि मोजमापाचा विचार करता ती रास्तच आहे. परंतु मोजमाप सैल असल्यामुळेच आजीपासून नातवापर्यंत कुणीही मध्येच येऊन सामील होऊ शकले, हे टीकाकारांच्या लक्षात उशिरा आले. मालिकेच्या ८ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्याचे प्रकाशकाचे म्हणणे आहे. पुढे मोबाइल फोनच कंट्रोलर म्हणून चालू लागला आणि एका वेळी सहा जणांना खेळण्याची सोय झाली. वीसाठीची शेवटची आवृत्ती नोव्हेंबर २०१९ मधली.

कॅमेरा : सोनीच्या आयटॉय कॅमेऱ्यावर २००३ मध्ये नाचाचा एक खेळ निघाला होता, त्यात हात ठरावीक जागी नेणे एवढेच अपेक्षित होते. खरी झेप मायक्रोसॉफ्टच्या किनेक्टने नोव्हेंबर २०१० मध्ये घेतली. इस्रायलच्या प्राइमसेन्स कंपनीच्या तंत्रावर आधारलेला हा संवेदक खोलीत अवरक्त किरणांचे ठिपके टाकून अंतर मोजत असे आणि एका वेळी दोन खेळाडूंच्या प्रत्येकी २० सांध्यांचा माग घेत असे. त्याच्याबरोबरच हार्मोनिक्स कंपनीचा ‘डान्स सेंट्रल’ हा खेळ आला. चुकलेला अवयव पडद्यावरच्या नर्तकाच्या शरीरावर लाल होऊन दिसे, आणि एकेक हालचाल सावकाश उलगडून शिकवण्याचा स्वतंत्र भाग त्यात होता. नृत्य शिकवण्याच्या दृष्टीने घरगुती खेळांत इतके प्रामाणिक काम दुसरे दिसत नाही. किनेक्टचे उत्पादन २०१७ मध्ये थांबले आणि ही शाखा खुंटली.

कायदा आणि क्रीडा : अमेरिकेतील रॉक्सर गेम्सच्या ‘इन द ग्रूव्ह’वर (२००४) कोनामीने २००५ मध्ये दावा लावला. त्याच वर्षी त्या खेळाची घरगुती आवृत्ती प्लेस्टेशन २ वर आली होती. २००६ मध्ये तडजोड होऊन खेळाचे हक्क कोनामीकडे गेले. नॉर्वेत यंत्रनृत्याला, म्हणजे डीडीआरसारख्या यंत्रावरच्या नाचाला, २००३ च्या अखेरीस खेळ म्हणून नोंदवले गेल्याचे सांगतात.

आरोग्य : डीडीआर खेळताना हृदयाचे ठोके व्यायामाला पुरेशा पातळीपर्यंत वाढतात, असे सिंगापूरमधील एका अभ्यासात २००२ मध्ये दिसले. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्याने मुलांमधील लठ्ठपणावर उपाय म्हणून २००६ मध्ये सर्व सरकारी शाळांत हा खेळ नेण्याची योजना जाहीर केली. वृद्धांचा तोल सुधारण्यासाठी मॅटचा वापर करून पाहण्याचे प्रयोग ऑस्ट्रेलिया आणि स्वित्झर्लंडमध्ये झाले आहेत. घरी खेळताना गुडघे किंचित वाकवून आणि चवड्यांवर खेळल्यास सांध्यांना कमी धक्के बसतात. वेगाने चमकणाऱ्या दृश्यांमुळे अपस्मार असलेल्यांनी काळजी घ्यावी.

भारतात : पार्लरमधील नृत्ययंत्रे मॉलमधल्या गेम झोनमुळे शहरी तरुणांना परिचित झाली. किनेक्ट ज्याला जोडला जाई तो मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० हा कन्सोल भारतात २००६ मध्ये आला. किनेक्टसाठी एका खेळाडूला सुमारे १.८ मीटर आणि दोघांना सुमारे २.४ मीटर मोकळे अंतर सांगितले जाई. मुंबई-ठाण्यातल्या वन-रूम-किचनमध्ये त्यासाठी टीपॉय आणि दिवाण दोन्ही हलवावे लागत. उड्यांचा आवाज खालच्या मजल्यावर जात असल्याने रात्री मॅटचा खेळ अशक्यच. तिथे हाताने खेळायचा प्रकार सोयीचा पडतो. ‘जस्ट डान्स’च्या दुसऱ्या (२०१०) आणि तिसऱ्या (२०११) भागांत ‘बॉलिवूड रेनबो’ या नावाखाली भारतीय चित्रपटसंगीताच्या ढंगाची गाणी होती. कन्सोल नसलेल्या घरांत यूट्यूबवरच्या खेळाच्या चित्रफिती टीव्हीवर लावून नाचणे सर्रास चालते. गुण कुणी मोजत नाही, कोण चुकले ते बघणारेच सांगतात.

जतन : २०२३ च्या आवृत्तीपासून ‘जस्ट डान्स’ हा इंटरनेटवरून सतत बदलत राहणारा एकच मंच झाला आहे. त्यामुळे गाण्याचा परवाना संपला की ते गाणे खेळाडूच्या हातातून जाऊ शकते. जुन्या मॅटचे जोड आजच्या कन्सोलला बसत नाहीत. २००१ च्या सुमारास सुरू झालेली ‘स्टेपमॅनिया’ ही मुक्त स्रोत प्रणाली मात्र साध्या संगणकावर चालते, यूएसबी मॅट ओळखते आणि कोणत्याही गाण्यावर स्वतः बाण मांडू देते. आवडीचे मराठी गाणे घेऊन त्यावर पावले बसवायची असतील, तर हा मार्ग उपलब्ध आहे.