सोबा की उदोन? तोक्योच्या काउंटरवरचा प्रश्न

तोक्योतील रेल्वे स्थानकांवर उभ्याने खाण्याची नूडल्सची छोटी दुकाने असतात. दाराशी असलेल्या यंत्रातून तिकीट काढून ते काउंटरवर ठेवले, की बहुतेक वेळा आतून एकच प्रश्न येतो: सोबा की उदोन? सूप तेच, वर ठेवायचा तेंपुरा (पिठात बुडवून तळलेली भाजी किंवा मासळी) तोच, वाडगाही तोच आणि किंमत बहुधा सारखीच. त्यामुळे नवख्या माणसाला वाटते, की नूडल्स बारीक हव्यात की जाड, एवढेच आपल्याला विचारले जात आहे. हा समज स्वाभाविक असला तरी चुकीचा आहे. जाडीतला फरक हा परिणाम आहे. मूळ फरक पिठाचा आहे, आणि पीठ बदलले की मळणे, शिजवणे, खाण्याचा वेग, एवढेच काय, जेवणानंतर काय प्यायचे हेसुद्धा बदलते.

सोबा कुट्टूच्या पिठाचा असतो. कुट्टू हे गव्हासारखे तृणधान्य नव्हे. ही वनस्पती आंबट चुक्याच्या कुळातली असून तिच्या पिठात ग्लूटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला चिवटपणा देणारे प्रथिन, नसते. त्यामुळे भिजवलेला गोळा ताणला जात नाही, लाटताना त्याच्या कडा चिरतात आणि कापलेल्या नूडल्स सहज तुटतात. सोबा करणाऱ्याचे सारे कौशल्य या तुटण्याला आवरण्यात असते, आणि म्हणूनच पिठात थोडा गहू मिसळण्याची पद्धत रूढ झाली. आठ भाग कुट्टू आणि दोन भाग गहू असेल तर त्या सोब्याला निहाची म्हणतात. निव्वळ कुट्टूचा असेल तर जूवारी. (या शब्दाचा ज्वारीशी काहीही संबंध नाही, त्याचा अर्थ ‘दहापैकी दहा’ असा आहे.) जूवारी अधिक शुद्ध म्हणून अधिक चांगला, असे अनेकजण धरून चालतात. मला ते पटत नाही. जूवारीला वास भरघोस असतो, पण तो खरखरीतही लागू शकतो. चांगल्या निहाचीचा घशाखाली अलगद उतरणारा गुळगुळीतपणा ही वेगळी आणि तितकीच मोलाची गोष्ट आहे. मात्र विक्रीच्या ताज्या नूडल्सवर सोबा हे नाव छापण्यासाठी कुट्टूचे प्रमाण किमान 30 टक्के असले तरी चालते, हे लक्षात ठेवले म्हणजे स्वस्त सोबा इतका मऊ आणि फिकट का लागतो, याचा उलगडा होतो.

उदोनची गोष्ट नेमकी उलटी आहे. तो गव्हाचे पीठ, मीठ आणि पाणी या तीनच गोष्टींचा असतो. मिठामुळे ग्लूटेनची जाळी घट्ट होते आणि गोळा इतका चिवट बनतो, की तो कापडात किंवा प्लास्टिकमध्ये गुंडाळून पायांनी तुडवण्याची पद्धत आहे. या तुडवण्यातून आणि मधल्या विश्रांतीतून जे कमावले जाते त्याला जपानी लोक कोशी म्हणतात: वरून मऊ, पण दाताखाली परतून ढकलणारा लवचीकपणा. त्यासाठी सर्वांत प्रसिद्ध आहे तो शिकोकू बेटावरील कागावा प्रांताचा सानुकी उदोन. तिथे पाऊस कमी, म्हणून भाताच्या जोडीने गहू. शेजारी समुद्र, म्हणून मीठ आणि सुपासाठी सुकवलेली छोटी मासळी. 2011 साली या प्रांताने ‘उदोन प्रांत’ अशी आपली जाहिरातच सुरू केली.

खाण्याच्या रीतीतला फरक थंड सोब्यात सर्वांत स्पष्ट दिसतो. बांबूच्या चटईवर किंवा टोपलीत वाढलेला सोबा शेजारच्या छोट्या कपातील त्सुयूत, म्हणजे सोया सॉसच्या खारट रसात, बुडवून खातात. तोक्योतील जुन्या दुकानांची त्सुयू गडद आणि जोरकस असते, त्यामुळे नूडल्सचे फक्त खालचे टोक बुडवायचे, नाहीतर कुट्टूचा नाजूक वास सोया सॉसखाली दबून जातो. मोठ्याने भुरका मारणे इथे असभ्यपणाचे नाही. हवेबरोबर तो वास नाकापर्यंत पोहोचतो. सोबा वाढल्यावर लगेच खावा, कारण तो काही मिनिटांतच सुकतो आणि एकमेकांना चिकटतो. शेवटी येते ते सोबायू, म्हणजे सोबा उकळलेले पांढुरके, दाटसर पाणी. ते उरलेल्या त्सुयूत ओतून सावकाश पितात. एखाद्या दुकानाची पारख मी सोब्याइतकीच या शेवटच्या घोटावर करतो. उदोन उकळलेले पाणी खारट होते, म्हणून ते असे पीत नाहीत. कामाआगे प्रकारात उदोन त्याच गरम पाण्यासकट वाढला जातो, पण तिथेही ते पाणी नूडल्स गरम राखण्यापुरतेच असते.

पूर्वेकडे सोबा आणि पश्चिमेकडे उदोन, अशी विभागणी सर्रास सांगितली जाते. ती ढोबळमानाने खरी आहे, पण तोक्योतील सोब्याची जी तीन घराणी मानली जातात, म्हणजे याबू, साराशिना आणि सुनाबा, त्यांपैकी सुनाबाचे मूळ पश्चिमेकडच्या ओसाकात आहे. याबू घराण्याचे कांदा भागातील दुकान 1880 पासूनचे. 2013 च्या आगीत त्याचे मोठे नुकसान झाले आणि 2014 मध्ये ते पुन्हा उघडले. याबूच्या सोब्याला हिरवट छटा असते, तर साराशिनाचा सोबा दाण्याच्या गाभ्यातील पिठाचा, जवळजवळ पांढरा असतो.

पूर्व आणि पश्चिम यांतला अधिक खरा भेद सुपात आहे. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचा कोंबू, म्हणजे खाद्य समुद्री शेवाळ, जहाजांनी जपानच्या समुद्रातून ओसाकाला पोहोचत असे. म्हणून तिथली दाशी, म्हणजे सुपाचे मूळ पाणी, कोंबूवर उभी राहिली आणि तिला फिकट रंगाच्या सोया सॉसची जोड मिळाली. तोक्योत कात्सुओबुशी हा सुकवलेला मासा आणि शेजारच्या चिबा प्रांतातील नोदा व चोशी येथील गडद सोया सॉस प्रबळ ठरले. फिकट सूप कमी खारट असते, असे मात्र समजू नये. फिकट सोया सॉसमध्ये मिठाचे प्रमाण गडदपेक्षा जास्त असते. हा भेद इतका मुरलेला आहे, की निस्सिन या कंपनीचा दोनबेई हा कपातील उदोनदेखील पूर्वेसाठी आणि पश्चिमेसाठी वेगळ्या चवीचा केला जातो.

शहर बदलले की नावांचाही गोंधळ होतो. तोक्योत कित्सुने म्हणजे वर गोडसर तळलेला तोफू आणि तानुकी म्हणजे तेंपुऱ्याचा कुरकुरीत चुरा. खाली सोबा घ्या वा उदोन. ओसाकात मात्र तळलेला तोफू उदोनवर असेल तर कित्सुने आणि सोब्यावर असेल तर तानुकी, त्यामुळे ‘तानुकी उदोन’ हा शब्दप्रयोगच तिथे विसंगत ठरतो. क्योतोत तानुकी मागितल्यास कापलेला तोफू आणि स्टार्चने दाट केलेले सूप येते. याशिवाय याकीसोबा, चूका सोबा आणि ओकिनावा सोबा या तिन्हींत सोबा हा शब्द असला तरी कुट्टू नसतो. त्या गव्हाच्या नूडल्स आहेत.

ज्यांना पथ्य पाळायचे आहे त्यांच्यासाठी हा फरक चवीपुरता राहत नाही. कुट्टूची ॲलर्जी तीव्र असू शकते, आणि जपानमध्ये पाकीटबंद पदार्थांवर कुट्टू व गहू या दोन्हींचा उल्लेख सक्तीचा आहे. उपाहारगृहांना तशी सक्ती नाही. स्थानकावरच्या दुकानात दोन्ही नूडल्स अनेकदा एकाच पाण्यात उकळतात, त्यामुळे कुट्टू टाळणाऱ्याने तिथे उदोन मागूनही धोका टळत नाही. ग्लूटेन टाळणाऱ्याला जूवारी सोबा चालतो असे वाटेल, पण त्सुयूतील सोया सॉसमध्ये सहसा गहू असतो. शाकाहारी माणसाने तर सूप डोळ्यांना कितीही निवळ दिसले, तरी दाशीत मासे आहेत का, हे मागवण्याआधीच विचारून घ्यावे.