इंटरफेसमधला वीस रुपये दर

महाप्याच्या, ऐरोलीच्या आयटी पार्कांत इंटरव्ह्यूला निघालेली मुलं ठाणे-वाशी लोकलमध्ये जावा या प्रोग्रॅमिंग भाषेची प्रश्नोत्तरं घोकत असतात. इंटरफेसमध्ये (कोणती कामं करायची हे ठरवणाऱ्या करारात) व्हेरिएबल, म्हणजे किंमत ठेवायची नावाची जागा, डिक्लेअर करता येतं का? 'येतं, पण ते पब्लिक, स्टॅटिक, फायनल असतं.' (म्हणजे सगळ्यांना दिसणारं, सगळ्यांत मिळून एकच आणि न बदलणारं.) उत्तर पाठ असतं. पुढे 'का?' विचारलं की गाडी अडते.

समजा, वाशीतल्या एका वाहनतळाचा प्रोग्रॅम आहे. 'पार्किंग' इंटरफेसमध्ये आपण लिहिलं: इंट दर = 20, म्हणजे 'दर' नावाचा पूर्णांक 20. (जावात व्हेरिएबलचं नाव खरोखर देवनागरीत चालतं, कोणी ठेवत नाही एवढंच.) पब्लिक, स्टॅटिक, फायनल हे तीन शब्द लिहा न लिहा, कंपायलर (लिहिलेला कोड चालवता येईल अशा रूपात आणणारा प्रोग्रॅम) ते गृहीत धरतो. 20 लिहायचं राहिलं तर एरर, नंतर कुठे दर = 30 केलं तरी एरर. कारण इंटरफेसला ऑब्जेक्ट तयार करणारा कन्स्ट्रक्टरच नसतो. प्रत्येक ऑब्जेक्टसाठी वेगळा दर ठेवणार कुठे? शिवाय एक क्लास (ऑब्जेक्टचा साचा) कितीही इंटरफेस इम्प्लिमेंट करू, म्हणजे स्वीकारू शकतो. त्यातल्या दोन इंटरफेसांत 'दर' असेल, तर नुसतं 'दर' म्हटल्यावर कंपायलर अडून बसतो, 'पार्किंग.दर' असं स्पष्ट लिहावं लागतं.

खरी गोम पुढे आहे. पावती छापणारा क्लास कंपाइल होताना त्यात 'पार्किंग.दर' हा उल्लेख उरतच नाही, थेट 20 हा आकडा बसतो. उद्या दर 30 केला, फक्त इंटरफेस कंपाइल करून सर्व्हरवर टाकला, तर सोर्समध्ये तीस आणि पावतीवर वीस! हा बग नव्हे. भाषेच्या नियमावलीतच हे नमूद आहे. उपाय म्हणजे सगळं पुन्हा कंपाइल करणं. किंवा 'इंट'च्या जागी 'इंटिजर' (पूर्णांकाचाच ऑब्जेक्ट प्रकार) लिहा. मग किंमत प्रोग्रॅम चालताना वाचली जाते.

माझं विचाराल तर दर इथे नकोच, तो डेटाबेसमध्ये हवा. कधीच न बदलणारी तासाची साठ मिनिटं इंटरफेसमध्ये खुशाल ठेवा.

नुसते कॉन्स्टंट (अशा न बदलणाऱ्या किमती) मिळावेत म्हणून इंटरफेस इम्प्लिमेंट करायची खोड मात्र जावाच्या स्वतःच्या लायब्ररीलाही होती. स्विंग या खिडक्या-बटणं बनवायच्या लायब्ररीतला जेलेबल क्लास 'स्विंगकॉन्स्टंट्स' इम्प्लिमेंट करतो, त्यामुळे ते सगळे कॉन्स्टंट त्याच्या सार्वजनिक चेहऱ्याला चिकटले. 2004 साली जावा 5 मध्ये स्टॅटिक इम्पोर्ट (कॉन्स्टंट थेट नावाने वापरायची सोय) आणि इनम (ठरावीक किमतींची यादी असलेला प्रकार) आले, तशी ही गरज संपली. स्विंगकॉन्स्टंट्स अजून तिथेच आहे, कारण काढला तर जुने प्रोग्रॅम मोडतील.